बोहारणीने नाकारलेल्या कापडाचे खेळ

भाचा दीड वर्षाचा झाला म्हणून त्याच्यासाठी कापडाचं पुस्तक शिवायला घेतलं. आठ पानं, एका पानावर बटणं, एकावर चेन, एकावर नाडी ओवायचा बूट, एकावर टिचबटणाने लागणारी फुलं. बहीण म्हणाली अगं हे क्वाएट बुक, ऑनलाइन केवढ्याला विकतात माहितीये का. आई शेजारी शेंगा सोलत होती, तिने बटणांचं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "हे आमच्या बालवाडीत होतं की, लाकडी चौकटीत बसवलेलं." तेवढ्या एका वाक्याने मी कामाला लागले आणि मग लक्षात आलं की आपण ज्याला नवीन फॅड समजतो त्याच्या मागे बरंच काही आहे, थोडं आपल्या घरातलं, थोडं बाहेरून आलेलं.

पहिलं म्हणजे शिवणकाम ही कापडी खेळातली खूप नंतरची गोष्ट, आधी कापड हाच खेळ होता. मामाचं पत्र हरवलं घ्या, त्याला लागतो काय तर एक रुमाल. आंधळी कोशिंबीर, तिथेही रुमाल किंवा ओढणी. आणि रुमालाचा उंदीर तर ज्यांचे आजोबा करायचे त्यांना सांगायलाच नको. रुमालाची त्रिकोणी घडी, दोन टोकं आत, खालून गुंडाळत आणायचं आणि मग ती गुंडाळी उलटवत राहायचं उलटवत राहायचं, शेवटी एकदम दोन टोकं बाहेर येतात, एकाला गाठ मारली की डोकं आणि कान, दुसरं टोक म्हणजे शेपूट. मग तो तळहातावर ठेवून कुरवाळायचा आणि खालच्या बोटांनी हळूच असा उडवायचा की पोर किंचाळलंच पाहिजे. सुई नाही, दोरा नाही, आणि खेळ संपला की रुमाल परत खिशात. लगोरीचा चेंडू पण असाच, चिंध्या घट्ट गुंडाळायच्या आणि वरून सुतळीने किंवा जाड दोऱ्याने जाळीसारखं विणून टाकायचं, पाठीत बसला तरी फार लागत नाही.

आता या चिंध्या यायच्या कुठून हे बघितलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे कापड कधी फेकलं जायचं नाही. नऊवारी लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं की त्याची बाळासाठी दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे, नवजात बाळाला पहिल्यांदा नवीन कपडा घालायचा नाही म्हणून जुन्या मऊ कापडाचं झबलं आणि टोपडं व्हायचं. जे धड असेल ते बोहारणीकडे, तिच्याशी तासभर घासाघीस करून एक पातेलं किंवा डबा पदरात पाडून घ्यायचा. जे बोहारीण पण बाजूला काढायची, फाटलेलं विरलेलं, ते गोधडीत जायचं. आणि गोधडीतून सुद्धा जे उरेल, विताएवढे बोटाएवढे तुकडे, ते पोरांचे. म्हणजे खेळण्याचं कापड हे घरातलं सगळ्यात शेवटचं कापड होतं. म्हणूनच चिंध्यांची बाहुली कधी ठरवून केली जात नव्हती, दुपारी गोधडीला धावदोरा घालता घालता कोणीतरी मांडीवरच्या पोरीला एक गाठोडं बांधून द्यायचं, डोक्याला दोरा आवळायचा, काजळाने डोळे, आणि झाली ती भातुकलीतली नवरी. आत भरायला कापूस परवडायचा नाही, चिंध्याच भरायच्या नाहीतर भुसा, कुठे शेवरीचं झाड असेल तर शेवरीचा कापूस. आमच्या घरातल्या गोधडीवर आम्ही बहिणी एक खेळ खेळायचो, डोळे मिटून बोट ठेवायचं आणि तो चौकोन कोणाच्या कपड्याचा ते सांगायचं, आत्याचं परकर पोलकं, काकांचा पायजमा, आजीचं हिरवं लुगडं. आजीचं मऊ असायचं म्हणून ते न बघता कळायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मोठ्यांच्या खेळात कापड मात्र मानाने होतं. सारीपाट हा बहुतेक वेळा कापडाचाच, अधिक चिन्हाच्या आकाराचे चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर तीन ओळीत आठ आठ अशी 24 घरं, ती भरतकाम करून नाहीतर वेगळ्या रंगाचे तुकडे शिवून केलेली. खेळ झाला की गुंडाळून ठेवायचा, प्रवासाला निघालं तर सोंगट्या आणि कवड्या त्यातच बांधायच्या. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाटात हरला आणि मग बाणाईकडे गेला ही गोष्ट जेजुरीच्या बाजूला अजून सांगतात. ज्या खेळावर देवाचा संसार पणाला लागतो त्याचा पट बायका घरी शिवत होत्या. अशाच पटावर कवड्या टाकून खेळायच्या पचिशीवरून 1896 मध्ये इंग्लंडमध्ये ल्यूडोचं पेटंट घेतलं गेलं आणि तो पुठ्ठ्याचा होऊन आपल्याकडे परत आला, कापड गेलं.

बाहेरच्या जगातही सुरुवात वेगळी नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली रोमन काळातली एक बाहुली आहे, जाड्याभरड्या लिननची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले. जर्मनीत गिंगेन गावात मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती, लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवर असायची. तिने 1880 च्या सुमारास फेल्टचा, म्हणजे न विणता धागे दाबून केलेल्या जाड कापडाचा, छोटा हत्ती शिवला तो टाचण्या खोचायला म्हणून, पण घरोघरची पोरंच तो पळवायला लागली आणि त्यातून पुढे केवढी मोठी खेळण्यांची कंपनी उभी राहिली. 1903 मध्ये लंडनच्या डीन्स नावाच्या कंपनीने कापडाची पुस्तकं छापायला घेतली, चावली तरी फाटत नाहीत आणि धुता येतात अशी.

पण कापडाला "शिकवायचं साधन" कोणी केलं हा वेगळाच धागा आहे. फ्रोबेल, ज्याने 1837 मध्ये जर्मनीत ती शाळा काढली जिचं पुढे किंडरगार्टन झालं, त्याने मुलांसाठी खेळण्यांचे क्रमवार संच केले आणि त्यातला अगदी पहिला संच म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, दोरी लावलेले. म्हणजे लाकडी ठोकळ्यांच्या आधी त्याने बाळाच्या हातात लोकर दिली.

आणि मग मारिया माँटेसरी. ही बाई डॉक्टर, आधी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केलेलं, 6 जानेवारी 1907 ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथे तिने ज्या चौकटी वापरल्या त्याच माझ्या आईने बघितलेल्या. लाकडी चौकट, तिच्या दोन बाजूंना कापडाचे दोन पदर, मधे ते जोडायची एकच पद्धत. एका चौकटीत मोठी बटणं आणि काजं, एकात हूक, एकात नाडीची फुलगाठ, एकात बक्कल. एका चौकटीत एकच गोष्ट, हे फार महत्त्वाचं, कारण स्वतःच्या अंगावरचं बटण लावताना मुलाला खाली वाकून बघावं लागतं, आई घाई करत असते, कापड ओढलं जातं, आणि चौकटीत मात्र तेच काम समोर टेबलावर, सावकाश, हवं तितक्यांदा करता येतं. बटण आडवं करायचं, काजातून अर्धं ढकलायचं, दुसऱ्या हाताने पलीकडून ओढायचं, मोठ्यांना ही एक कृती वाटते पण मुलासाठी त्या तीन आहेत. तिच्याकडे कापडाच्या जोड्यांची पेटी पण होती, मखमल, रेशीम, लोकर, सुती, डोळ्याला पट्टी बांधून नुसत्या बोटांनी जोडी लावायची. हे वाचलं तेव्हा मला आमची गोधडी आठवली.

हे आपल्याकडे आलं ते फक्त माँटेसरी 1939 मध्ये मद्रासला अड्यारला आल्या तेव्हा नाही, त्याच्या खूप आधी. 1920 मध्ये गुजरातेत भावनगरला शिक्षक गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, तिथे आपल्याकडच्या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पण अडचण अशी की माँटेसरीची साधनं महाग, सुबक लाकडी, ठराविक मापाची, ती खेड्यात कोण घेणार? ताराबाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. 1945 मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली आणि नंतर शिकून शिक्षिका झालेली बाई. मुलं बालवाडीत येईनात तर यांनीच बालवाडी वस्तीत, अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे, जे आजूबाजूला पडलंय ते. 1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताईंनी ते शेवटपर्यंत केलं. ज्या विचारात दारातला खडा हे शिक्षणाचं साधन होऊ शकतं तिथे घरातली चिंधी आपोआपच येते. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली, अंगणवाडी हे नाव देशभर गेलं, आणि आजही कितीतरी सेविका कापडी बाहुल्या, फळं, भाज्या, आकडे स्वतः रात्री बसून शिवतात. त्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही, व्हायला पाहिजे.

क्वाएट बुक हे नाव मात्र अमेरिकेतलं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना लहान मुलांनी शांत बसावं म्हणून आया ही पुस्तकं शिवायच्या, खडखडाट न करणारं खेळणं हवं म्हणून कापड. पानांवरचं काम बघाल तर माँटेसरीच्या चौकटीच एकत्र शिवल्यासारख्या दिसतात. मग त्यात वेल्क्रो आलं, ते स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना 1941 मध्ये सुचलं, फिरायला गेल्यावर कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं बघून, आणि 1955 ला पेटंट मिळालं. वेल्क्रोने शिवणाऱ्याचं काम सोपं झालं पण मला स्वतःला ते पुस्तकात फार नको वाटतं, चर्रर्र करून ओढलं की झालं, बोटांना काही करावंच लागत नाही. फेल्टचंही तसंच, कडा उसवत नाहीत म्हणून सगळे तेच वापरतात पण दुकानात मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर, दोन धुण्यात गोळे येतात आणि लाळ शोषत नाही. टेलरकडच्या सुती कतरणी घ्या, कडा दुमडायला वेळ लागतो पण टिकतं.

विकायचं असेल तर अजून एक गोष्ट. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे. घरच्या पोरासाठी शिवताना कोणी विचारणार नाही पण त्यातलं एक माप जरूर पाळा, 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठराविक नळकांड्यात पूर्ण मावेल असा सुटा किंवा सुटू शकणारा तुकडा 3 वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात नको.

मी ते वाचून पुस्तकातलं प्रत्येक बटण जोर लावून ओढून बघितलं. पाचातलं एक हातात आलं, दोरा दुहेरी असून. मग पाचही काढली. आईने आजीच्या त्या हिरव्या लुगड्याची उरलेली पट्टी शोधून आणली, तिरकी कापली, आत चिंधी भरत पिळली आणि जुन्या बंडीला असायच्या तशा कापडी गुंड्या वळून दाखवल्या, चांगल्या सुपारीपेक्षा मोठ्या, टाका गुंडीच्या पोटातून आरपार, आणि समोर काजाऐवजी फासा. पहिली तिने केली, दुसरी मला दोनदा उसवून परत करावी लागली. तीन अजून व्हायच्यात.