हुजूर पक्षाची पुनर्बांधणी (ब्रिटन, १९४५–५१)

जुलै १९४५ मधील दारुण पराभवापासून ऑक्टोबर १९५१ मध्ये पुन्हा सत्तेवर येईपर्यंतच्या सहा वर्षांत ब्रिटनच्या हुजूर (काँझर्व्हेटिव्ह) पक्षाने आपली संघटना, निधी, उमेदवारनिवडीची पद्धत आणि आर्थिक धोरण यांत जे बदल घडवून आणले, त्यांचा समावेश या पुनर्बांधणीत होतो. निवडणूक हरलेल्या परंपरावादी पक्षाने स्वतःला कसे सावरावे, या चर्चेत हे उदाहरण वारंवार दिले जाते आणि त्याला तसे कारणही आहे. खाजगी मालमत्ता, राजसंस्था आणि परंपरेविषयीचा आदर या आपल्या मूळ श्रद्धा पक्षाने सोडल्या नाहीत. मात्र १९४५ मध्ये मतदारांनी ज्या गोष्टींचा निकाल लावून टाकला होता, त्यांपैकी बहुतेकांवर पुन्हा वाद घालण्याचे त्याने टाळले.

पराभव अनपेक्षित होता. महायुद्ध जिंकून देणारे पंतप्रधान म्हणून विन्स्टन चर्चिल यांची लोकप्रियता शिगेला पोहोचली होती आणि त्या बळावर पक्ष निवडून येईल, असे मित्रांना आणि विरोधकांनाही वाटत होते. परदेशांत असलेल्या सैनिकांची मते गोळा करण्यासाठी ५ जुलैच्या मतदानानंतर तीन आठवडे थांबावे लागले आणि २६ जुलै रोजी निकाल लागला, तेव्हा क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला ६४० पैकी ३९३ जागा मिळाल्या होत्या. हुजूर पक्ष आपल्या मित्रगटांसह दोनशेच्या थोडा पुढे जाऊन थांबला. चर्चिल यांच्याविषयीची कृतज्ञता मतदारांच्या मनात होतीच, पण त्यांच्या पक्षाविषयीची आठवण वेगळी होती. १९३०च्या दशकातील बेकारी, हिटलरशी केलेली तडजोड आणि सामाजिक विम्याची योजना मांडणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाला पक्षाने दिलेला थंडा प्रतिसाद लोक विसरले नव्हते. त्यात ४ जून १९४५ च्या रेडिओ भाषणात, समाजवादी सरकारला एखाद्या प्रकारच्या गेस्टापोशिवाय (नाझींच्या गुप्त पोलिसांसारख्या दलाशिवाय) राज्य करता येणार नाही, असे चर्चिल यांनी म्हटले. पाच वर्षे ज्यांच्याबरोबर मंत्रिमंडळात बसून युद्ध चालवले, त्या ॲटलींच्या पक्षाविषयीचे हे उद्गार लोकांना रुचले नाहीत. संघटनेची स्थितीही बिकट होती. १९३५ नंतर सार्वत्रिक निवडणूकच झाली नव्हती, मतदारसंघांत पक्षाचे निवडणुकीचे काम पाहणारे पगारी प्रतिनिधी युद्धावर गेले होते आणि अनेक स्थानिक समित्या केवळ कागदावर उरल्या होत्या.

सुरुवातीच्या काळातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय संयमाचा होता, आणि त्याची दखल सहसा पुरेशी घेतली जात नाही. संसदेच्या वरिष्ठ म्हणजे लॉर्ड्स सभागृहात हुजूर सदस्यांचे प्रचंड बहुमत होते आणि मजूर सरकारचे प्रत्येक विधेयक अडवून धरणे त्यांना शक्य होते. तेथील पक्षाचे नेते व्हायकाउंट क्रॅनबोर्न (पुढे लॉर्ड सॉल्झबरी) यांनी मजूर पक्षाचे तेथील नेते लॉर्ड ॲडिसन यांच्याशी समजूत करून घेतली की, निवडणूक जाहीरनाम्यात ज्याचे आश्वासन दिले आहे, असे विधेयक लॉर्ड्स सभागृह दुसऱ्या वाचनाच्या वेळी (म्हणजे तत्त्वावरील मतदानाच्या टप्प्यावर) फेटाळणार नाही. याचे महत्त्व पक्षाचाच आधीचा इतिहास पाहिला म्हणजे कळते. १९०६ च्या पराभवानंतर पक्षाने लॉर्ड्स सभागृहाचा अडसर म्हणून वापर केला, १९०९ चा अर्थसंकल्पही तेथे फेटाळला, आयात जकातीवरून आपसांत भांडत १९१० मधील दोन्ही निवडणुका गमावल्या आणि १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचा नकाराधिकारच जवळपास संपुष्टात आला. १९४५ मधील नेत्यांनी ती वाट धरली नाही. संयम सर्वत्र मात्र टिकला नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विधेयकाविरुद्ध पक्षाने १९४६ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाला मतदान केले. आक्षेप तत्त्वाला नसून तपशिलाला आहे, असे पक्षाचे म्हणणे होते. पण ‘ज्यांनी आरोग्य सेवेविरुद्ध मत दिले तो पक्ष’ हा शिक्का विरोधकांना पुढे कित्येक वर्षे वापरायला मिळाला.

जुलै १९४६ मध्ये लॉर्ड वुल्टन यांची पक्षाध्यक्षपदी नेमणूक झाली. मँचेस्टर-लिव्हरपूलकडील मोठ्या दुकानांच्या व्यवसायातून वर आलेले हे गृहस्थ राजकारणी म्हणून वाढलेले नव्हते. १९४० ते १९४३ या काळात अन्नमंत्री असताना शिधावाटप नेटके चालवल्यामुळे ते घरोघरी परिचित झाले होते आणि पक्षाचे सदस्यत्व त्यांनी घेतले तेच मुळी १९४५ च्या पराभवानंतर. मोठी यंत्रणा चालवण्याची सवय असल्याने त्यांनी तीन गोष्टींवर भर दिला: सदस्य, पैसा आणि पूर्णवेळ प्रशिक्षित निवडणूक प्रतिनिधी. १९४७ मध्ये त्यांनी दहा लाख पौंडांचा निधी जमवण्याचे जाहीर केले. रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी होती आणि ती मुद्दामच तशी ठेवली होती. थोडे मागितले तर कार्यकर्ते थोडेच फिरतील, हा त्यांचा हिशेब होता. निधी जमला. सदस्यसंख्या १९४८ च्या मध्यापर्यंत वीस लाखांच्या पुढे गेली आणि १९५३ च्या सुमारास अठ्ठावीस लाखांवर पोहोचली. तरुणांसाठीची ‘यंग काँझर्व्हेटिव्ह्ज’ ही शाखा याच काळात उभी राहिली. नृत्याचे कार्यक्रम, सहली, वादसभा आणि त्यांच्या जोडीला घरोघर प्रचार असे तिचे स्वरूप होते. अनेक तरुण-तरुणी तेथे राजकारणापेक्षा सोबतीसाठी येत, हे खरे आहे. तथापि निवडणुकीच्या दिवशी दारे ठोठावायला माणसे लागतात आणि ती तेथून मिळत होती.

वुल्टन यांच्या काळातील सर्वांत खोल बदल पैशाच्या संदर्भात झाला. तोपर्यंत हुजूर पक्षाच्या सुरक्षित मतदारसंघात उमेदवारी मिळवायची, तर इच्छुकाने निवडणुकीचा खर्च स्वतः उचलावा आणि शिवाय स्थानिक संघटनेला दरवर्षी भरघोस वर्गणी द्यावी, अशी रीत होती. निवड समितीपुढे उमेदवाराच्या मतांइतकीच त्याच्या खिशाची चौकशी होई. यामुळे हुशार पण बेताच्या मिळकतीचा माणूस मागे पडे, आणि स्थानिक संघटनेचेही नुकसान होई: एका धनिकाच्या धनादेशावर समितीचे भागत असल्याने शंभर माणसांकडून किरकोळ वर्गणी गोळा करण्याचे कष्ट घेण्याची तिला गरजच वाटत नसे. डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार हे बदलले. निवडणुकीचा खर्च उमेदवाराने देऊ नये, स्थानिक संघटनेला उमेदवाराने वर्षाला २५ पौंडांपेक्षा आणि खासदाराने ५० पौंडांपेक्षा अधिक देणगी देऊ नये, आणि प्रत्येक मतदारसंघाने मध्यवर्ती निधीत आपला वाटा उचलावा, असे ठरले. समितीचा अंतिम अहवाल १९४९ मध्ये आला. देणग्यांवरील मर्यादा त्याआधीच लागू झाली होती. या नियमांनी संसदेतील हुजूर सदस्यांचा सामाजिक चेहरा लगेच बदलला नाही. नामांकित खाजगी शाळांतून आलेल्यांचे प्रमाण १९५० आणि १९५१ मध्येही भरपूर राहिले, कारण निवड समित्यांची आवडनिवड नियमाने बदलत नाही. स्थानिक संघटना मात्र बदलल्या. ज्यांना आता घरोघर जाऊन शिलिंगा जमवाव्या लागत होत्या, त्यांना त्या घरांतील गाऱ्हाणीही ऐकावी लागत होती. पक्षाला या सुधारणेतून झालेला हा लाभ खासदारांच्या यादीतल्या फरकापेक्षा मोठा मानावा लागेल.

धोरणाची सूत्रे आर. ए. (रॅब) बटलर यांच्याकडे होती. त्यांचा जन्म अटकेचा. त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर हे १९२५ ते १९३३ या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, म्हणजे त्यांचा कारभार नागपुराहून चाले. स्वतः बटलर यांनी भारतमंत्र्यांच्या कार्यालयात उपमंत्री असताना १९३५ च्या भारत सरकार कायद्याची बाजू कॉमन्स सभागृहात लढवली होती, तीही चर्चिल यांच्या कडव्या विरोधाला तोंड देत. युद्धकाळात १९४४ चा शिक्षण कायदा त्यांनी संमत करून घेतला. पराभवानंतर पक्षाच्या संशोधन विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि रेजिनल्ड मॉडलिंग, इयन मॅक्लिऑड व इनॉक पॉवेल हे तरुण पक्षाच्या सचिवालयात व पुढे या विभागात काम करू लागले. तिघेही पुढे मंत्री झाले.

चर्चिल यांना विरोधात असताना सविस्तर धोरण जाहीर करणे पसंत नव्हते. आश्वासने दिली की ती पुढे गळ्यात पडतात, असे त्यांचे मत होते आणि ते निराधारही नव्हते. परंतु १९४६ च्या ब्लॅकपूल अधिवेशनात कार्यकर्त्यांनी, आपला पक्ष नेमका कशासाठी उभा आहे ते सांगा, असा आग्रह धरला. त्यानंतर बटलर यांच्या अध्यक्षतेखाली हॅरल्ड मॅकमिलन, ऑलिव्हर स्टॅन्ली, ऑलिव्हर लिटल्टन, मॅक्सवेल फाइफ आदींची समिती नेमली गेली आणि मे १९४७ मध्ये ‘इंडस्ट्रियल चार्टर’ ही औद्योगिक सनद प्रसिद्ध झाली. कोळसा खाणी, रेल्वे आणि बँक ऑफ इंग्लंड यांचे राष्ट्रीयीकरण परतवले जाणार नाही, रोजगाराची पातळी उंच राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि कामगाराला नोकरीची शाश्वती, कामाप्रमाणे मोबदला व माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, असे तिच्यात मान्य केले होते. त्याच वेळी युद्धकालीन नियंत्रणे हटवणे, करांचा बोजा कमी करणे आणि रस्ते-मालवाहतूक पुन्हा खाजगी हातांत देणे हा पक्षाचा वेगळेपणाही तिने राखला होता. सर वॉल्ड्रन स्मिथर्स यांच्यासारख्या जुन्या सदस्यांनी हा पातळ केलेला समाजवाद असल्याची टीका केली, तरी ब्रायटन येथील १९४७ च्या अधिवेशनाने ती प्रचंड बहुमताने स्वीकारली. मॉडलिंग यांनी नमूद केल्याप्रमाणे, त्या अधिवेशनातील भाषणासाठी सनदेचा सारांश देणारा परिच्छेद त्यांनी लिहून दिला, तेव्हा यातला एकही शब्द आपल्याला मान्य नाही, असे चर्चिल म्हणाले. अधिवेशनाने तो मंजूर केला आहे हे कळल्यावर त्यांनी तो राहू दिला आणि भाषणात निरुत्साहाने वाचून दाखवला. नेत्याने पक्षाच्या निर्णयापुढे स्वतःचे मत बाजूला ठेवले, ही त्या प्रसंगातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

धोरण वरून खाली पोहोचवण्यापुरतेच काम केले गेले नाही. पक्षाचे राजकीय शिक्षण केंद्र ठरावीक विषयांवरच्या छोट्या पुस्तिका मतदारसंघांतील चर्चागटांना पाठवी. गटाने त्यावर बोलून आपले मत लिहून कळवावे आणि केंद्राने त्यांचा गोषवारा नेत्यांपुढे ठेवावा, अशी व्यवस्था होती. धोरणावर तिचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला याविषयी मतभेद आहेत, पण सामान्य सदस्याला आपले कोणी विचारते आहे असे वाटणे ही त्या पक्षात नवी गोष्ट होती.

मतदारांपर्यंत पक्ष पोहोचला तो मुख्यतः घरसंसाराच्या प्रश्नांवरून. युद्धात कधीही न झालेले पावाचे शिधावाटप जुलै १९४६ मध्ये सुरू झाले आणि दोन वर्षे चालले. १९४७ च्या कडक हिवाळ्यात कोळसा अपुरा पडून कारखाने व घरे अंधारात गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरपर्यंत अवमूल्यन झाले. दुकानापुढच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गृहिणींचा त्रास हा पक्षाच्या प्रचाराचा कणा बनला. मजूर सरकारातील आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी जुलै १९४८ मध्ये टोरींची (म्हणजे हुजूर पक्षीयांची) घुशी-उंदरांहूनही खालचे अशी संभावना केली, त्याचाही पक्षाच्या तरुणांनी कार्यकर्ते जमवण्यासाठी पुरेपूर उपयोग केला. १९५० च्या ब्लॅकपूल अधिवेशनात तर प्रतिनिधींनीच, वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट जाहीर करावे, अशी घोषणाबाजी करून नेत्यांना भाग पाडले. हे उद्दिष्ट पुढे मॅकमिलन गृहनिर्माणमंत्री असताना १९५३ मध्ये पार पडले.

यश मात्र सावकाश आले. फेब्रुवारी १९४९ मध्ये दक्षिण हॅमरस्मिथची पोटनिवडणूक जिंकता न आल्याने पक्षात अस्वस्थता पसरली. फेब्रुवारी १९५० च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला ३१५ आणि हुजूर पक्षाला २९८ जागा मिळाल्या. मजूर पक्षाचे बहुमत अवघ्या पाचवर आले. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी पुन्हा मतदान झाले आणि मित्रगटांसह ३२१ जागा मिळवून हुजूर पक्ष १७ च्या बहुमताने सत्तेवर आला.

या विजयाचे मोजमाप करताना सावध राहणे आवश्यक आहे. १९५१ मध्ये मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख ५० हजार मते पडली, ती हुजूर पक्षाच्या मतांपेक्षा दोन लाखांहून अधिक होती. मजूर पक्षाची मते त्याच्या बालेकिल्ल्यांत साचली होती, उत्तर आयर्लंडमधील चार जागांवर हुजूर पक्षाचे सहकारी बिनविरोध निवडून आल्याने तेथील मते मोजलीच गेली नाहीत, आणि मतदारसंघांच्या नव्या आखणीचा फायदाही हुजूर पक्षाला झाला. नव्याने सुरू झालेल्या टपाली मतदानाचा उपयोग त्याच्या सुसज्ज यंत्रणेने अधिक चांगला करून घेतला. सर्वांत निर्णायक ठरली ती लिबरल पक्षाची दुरवस्था. १९५० मध्ये ४७५ उमेदवार उभे करणाऱ्या त्या पक्षाला १९५१ मध्ये केवळ १०९ उभे करता आले आणि त्याच्या अनाथ झालेल्या मतदारांपैकी बहुसंख्य हुजूर पक्षाकडे वळले. मे १९४७ मध्ये वुल्टन यांनी लिबरल पक्षातून पूर्वी फुटलेल्या नॅशनल लिबरल गटाशी केलेला स्थानिक संघटनांच्या एकीकरणाचा करार आणि औद्योगिक सनदेचा समन्वयाचा सूर यांमुळे त्या मतदारांना ही वाट परकी वाटली नाही.

सनद आणि प्रत्यक्ष कारभार यांच्यातील नाते इतिहासकारांमध्ये अद्याप वादग्रस्त आहे. काहींच्या मते बटलर यांनी पक्षाचे विचारच बदलले. इतरांच्या मते मुळातील विचार तेच राहिले आणि भाषा तेवढी मवाळ झाली. १९५१ नंतरच्या नोंदी पाहता, पहिल्या मताच्या बाजूने अधिक पुरावा दिसतो. नव्या सरकारने पोलाद उद्योग व रस्ते-मालवाहतूक यांचेच राष्ट्रीयीकरण मागे घेतले, आरोग्य सेवा आणि सामाजिक विमा कायम ठेवले, शिधावाटप १९५४ मध्ये पूर्णपणे संपवले, आणि बटलर स्वतः अर्थमंत्री झाले. पक्ष त्यानंतर सलग तेरा वर्षे, १९६४ पर्यंत, सत्तेवर होता.