समुद्रातील हौशी गळमासेमारी आणि ब्रिटनचे राजकारणी

समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी, विक्रीसाठी नव्हे तर हौसेखातर गळाने मासे धरणे म्हणजे हौशी सागरी गळमासेमारी. कोकणात याला एक नेमका शब्द आहे : गरवणे. ब्रिटनमध्ये गरवणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. इंग्लंडच्या पर्यावरण व अन्न खात्याने २०१२ साली केलेल्या पाहणीत एकट्या इंग्लंडमध्ये समुद्रात गळ टाकणारे सुमारे ८,८४,००० लोक मोजले गेले. त्यांचा वर्षाचा खर्च १२३ कोटी पौंड निघाला आणि त्यावर थेट सुमारे १०,४०० पूर्णवेळ रोजगार उभे असल्याचे दिसले. एवढे लोक मतदारही असतात, त्यामुळे हा छंद संसदेपर्यंत पोहोचला. काही खासदार स्वतः गरवणारे होते, काहींच्या मतदारसंघात बंदरे होती, तर काही मंत्री म्हणून या प्रश्नाला सामोरे गेले. या तिघांच्या ओढाताणीतून गेल्या दोन दशकांत तिथल्या मासेमारी धोरणाला वळण मिळाले. हा इतिहास समजून घ्यायचा तर एका माशाचा माग काढावा लागतो. तो मासा म्हणजे सी बास.

मासा आणि त्याचे सेंटिमीटर

युरोपीय बास चकचकीत रुपेरी अंगाचा, जोरकस आणि खवय्यांच्या पसंतीचा. रायगडात जिताड्याला आणि गोव्यात चोणकाला जो मान आहे, तोच तिकडे बासला. जाती वेगळ्या आहेत, पण जिताड्याप्रमाणेच बासची पिल्लेही खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात. बास फार सावकाश वाढतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. मादी साधारण ४२ सेंटिमीटरची झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालते, आणि तिथवर पोहोचायला तिला पाच-सात वर्षे लागतात. हिवाळ्याच्या अखेरीस हे मासे इंग्लिश खाडीत अंडी घालण्यासाठी थवे करून जमतात आणि नेमके तेव्हाच जाळ्यांना सर्वांत सहज सापडतात.

१९९० साली ब्रिटनने बास पकडण्याची किमान लांबी ३६ सेंटिमीटर ठरवली आणि खाड्यांमधली तीसहून अधिक ठिकाणे पिल्लांची राखीव क्षेत्रे म्हणून जाहीर केली. राखीव क्षेत्रांची कल्पना दूरदृष्टीची होती. लांबीचा आकडा मात्र मुळातच चुकीचा होता, कारण ३६ सेंटिमीटरच्या मादीने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसते. हा आकडा ४२ वर जायला पंचवीस वर्षे लागली. त्या पंचवीस वर्षांत कोणी काय केले, हाच या नोंदीचा गाभा आहे.

त्याच वर्षी शेजारच्या आयर्लंडने वेगळी वाट धरली. तिथे बासची व्यापारी मासेमारी पूर्ण बंद झाली आणि मासा फक्त गरवणाऱ्यांसाठी राहिला, तोही दिवसाला दोन आणि १५ मे ते १५ जून या काळात अजिबात नाही. ब्रिटनमधले गरवणारे आजही प्रत्येक चर्चेत आयर्लंडचा दाखला देतात.

दोन मंत्री, एक वर्ष

मार्च २००४ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या कार्यालयातील धोरण विभागाने ब्रिटिश मासेमारीच्या भवितव्यावर मोठा अहवाल दिला. त्याने एक नवा प्रश्न सरकारपुढे ठेवला : काही मासे जाळ्यात जाण्यापेक्षा गळाला लागल्याने देशाला अधिक मिळत असेल, तर त्यांच्यावर पहिला हक्क कोणाचा? बासचे नाव त्या संदर्भात थेट आले. तोवर मासेमारी धोरण म्हणजे किती टन, कोणत्या बंदरात, कोणत्या भावाने, एवढाच हिशेब होता. किनाऱ्यावर रात्रभर उभा राहून एक मासा धरणारा माणूस त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

मासेमारी मंत्री होते बेन ब्रॅडशॉ, एक्सेटरचे मजूर पक्षाचे खासदार. त्यांनी आधी नैऋत्य किनाऱ्यावर दोन बोटींनी मिळून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांचा प्रश्न घेतला. या जाळ्यांत बासबरोबर डॉल्फिनही मरत होते. ब्रिटनने युरोपीय आयोगाकडे तातडीच्या बंदीची मागणी केली आणि आयोगाने ती नाकारली. मग ब्रिटनने स्वतःच्या बारा मैलांच्या पट्ट्यात आपल्या बोटींवर बंदी घातली. परदेशी बोटींना ती लागू नव्हती, आणि सागरी धोरणातली ही अडचण पुढेही पदोपदी आडवी आली.

त्यानंतर ब्रॅडशॉ यांनी बासची किमान लांबी एप्रिल २००७ पासून ४० सेंटिमीटर करण्याचा निर्णय जाहीर केला. गरवणाऱ्यांच्या संघटनांनी, विशेषतः १९७३ पासून या माशासाठी झटणाऱ्या बास अँगलर्स स्पोर्टफिशिंग सोसायटीने, त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. किनारी मच्छीमारांचा विरोधही पोकळ नव्हता. जाळ्यात आलेला ३८ सेंटिमीटरचा मासा मेलेलाच असतो, तो समुद्रात फेकून कोणाचे भले होणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. आपण सोडलेला मासा उद्या फ्रेंच बोट नेणार, हा दुसरा. निर्णय लांबला. २००७ च्या उन्हाळ्यात गॉर्डन ब्राउन पंतप्रधान झाले, मासेमारी खाते जोनाथन शॉ यांच्याकडे आले आणि त्यांनी त्याच वर्षी तो रद्द केला. गरवणाऱ्यांच्या मनातून ही सल गेलेली नाही. माझ्या मते इथे राजकारणाने खरोखर मोठी संधी गमावली. चार सेंटिमीटरने सगळे प्रश्न सुटले नसते, पण कित्येक माद्यांना निदान एकदा अंडी घालता आली असती.

त्याच काळात उलट दिशेचा अनुभवही आला. नव्या सागरी विधेयकाच्या तयारीत समुद्रात गरवण्यासाठी सशुल्क परवान्याची कल्पना सरकारने मांडली. नदी-तळ्यातल्या मासेमारीला इंग्लंडमध्ये असा परवाना लागतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्यासोबत केंटमधील चेव्हनिंग येथे तळ्यात गळ टाकला. परवाना काढलेला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच हे परवाने देणाऱ्या सरकारी पर्यावरण संस्थेला कळवले. समुद्र मात्र सर्वांना मोकळा. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे धरण्याचा सार्वजनिक हक्क तिथे फार जुना मानला जातो आणि त्यावर शुल्क बसवणे लोकांना रुचले नाही. कल्पना मागे पडली. २००९ चा सागरी व किनारी प्रवेश कायदा परवान्याविना झाला, पण त्याने एक कायमची गोष्ट दिली : किनारी मासेमारी व संवर्धन प्राधिकरणे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या दहा प्राधिकरणांत स्थानिक नगरसेवकांच्या शेजारी व्यापारी मच्छीमार आणि गरवणारे दोघेही बसतात. संसदेतल्या भाषणांपेक्षा या खुर्च्यांचा उपयोग अधिक झाला, असे म्हणता येईल.

गळ हाती असलेले खासदार

ब्रिटनच्या उच्चभ्रू राजकारणात गळाचा छंद जुना आहे, पण तो बहुतांशी नदीवरचा, सामन आणि ट्राउटचा. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे आणि पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन हे त्यातले ठळक. समुद्रकिनाऱ्यावर गरवणे ही कामगार आणि मध्यमवर्गाची हौस, आणि तिला संसदेत आवाज मिळायला वेळ लागला.

तो मिळवून देणाऱ्यांत मार्टिन सॉल्टर यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९९७ ते २०१० या काळात ते रेडिंग वेस्टचे मजूर खासदार होते आणि पक्षात गळमासेमारीची बाजू मांडत. संसद सोडल्यावर ते अँगलिंग ट्रस्टमध्ये प्रचारमोहिमांचे काम पाहू लागले. ही संस्था २००९ मध्ये अनेक संघटना एकत्र येऊन बनली आहे. खासदारकीनंतर त्याच विषयाच्या दबावगटात जाणे योग्य की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. त्यांच्या बाबतीत छंद, खासदारकी आणि नंतरचे काम हे सगळे उघड होते, हे महत्त्वाचे.

हुजूर पक्षात ब्रॉक्सबर्नचे चार्ल्स वॉकर यांनी गळमासेमारीच्या सर्वपक्षीय संसदीय गटाचे अध्यक्षपद सांभाळले, तर मिऑन व्हॅलीचे जॉर्ज हॉलिंगबरी यांनी बासच्या घटत्या साठ्याचा प्रश्न संसदेत चर्चेला आणला. असे सर्वपक्षीय गट कायदा करत नाहीत. मंत्र्याला बोलावणे, शास्त्रज्ञ आणि संघटनांना एका खोलीत बसवणे, चर्चेसाठी वेळ मागणे, एवढेच त्यांच्या हाती असते. पण ब्रिटिश संसदेत मागच्या बाकांवरच्या खासदाराला खात्यावर सतत लक्ष ठेवायचे तर हाच रस्ता आहे.

दुसऱ्या बाजूचा आवाज तितकाच ऐकावा. कॉर्नवॉलच्या माजी खासदार शेरिल मरी मच्छीमार कुटुंबातल्या. त्यांचे पती मार्च २०११ मध्ये समुद्रात एकटे मासेमारी करत असताना अपघातात दगावले. त्या व्यापारी मच्छीमारांच्या बाजूने बोलत, तेव्हा त्यामागे पोट आणि जीव दोन्ही पणाला लागल्याचा अनुभव होता. हौस आणि उपजीविका एका तराजूत घालताना हे विसरता येत नाही.

२०१५ नंतर

२००८ नंतरच्या काही वर्षांत बासच्या पिल्लांची भर घटली आणि पकड मात्र चालूच राहिली. जून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेने पकडीत ८० टक्के कपात सुचवली. त्यानंतर एका वर्षात इतक्या गोष्टी झाल्या, जितक्या पंचवीस वर्षांत झाल्या नव्हत्या. जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय आयोगाने अंडी घालण्याच्या काळात जोडबोटींच्या जाळ्यांवर तातडीची बंदी घातली. पुढे गरवणाऱ्याला दिवसाला तीन माशांची मर्यादा आली आणि १ सप्टेंबर २०१५ पासून किमान लांबी ४२ सेंटिमीटर झाली.

पण २०१६ चे नियम आले आणि गरवणारे खवळले. पहिले सहा महिने गळाला लागलेला प्रत्येक बास सोडून द्यायचा, जुलैपासून दिवसाला एक ठेवता येईल. उलट स्थिर जाळ्यांच्या आणि गळ-दोरीच्या व्यापारी बोटींना फेब्रुवारी-मार्च वगळता महिन्याला १.३ टनांची मुभा. फेब्रुवारी २०१६ मध्ये नॉर्थ कॉर्नवॉलचे स्कॉट मान यांच्या पुढाकाराने हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली आणि हे निर्बंध अन्यायकारक असल्याचे मत मांडले गेले. मासेमारी मंत्री जॉर्ज युस्टिस यांनी ब्रसेल्सच्या वाटाघाटीत जे पदरात पडले त्याचे समर्थन केले.

या वादात गरवणारे पूर्ण निर्दोष होते असे नाही. २०१२ च्या सुमारास हौशी पकड वर्षाला सुमारे १,५०० टन, म्हणजे एकूण पकडीच्या जवळपास चौथा हिस्सा असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. बोट एक असते, गळ लाखो. या आकड्याशी संघटनांनी भांडण केले, पण मोजणीतही हात घातला. सोडलेल्या माशांपैकी फार थोडे, साधारण ५ टक्के, मरतात असे पुढच्या मूल्यांकनात धरले गेले, आणि मर्यादा हळूहळू सैल झाल्या : २०१८ मध्ये वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत एक मासा, २०१९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर एक, २०२० मध्ये दोन.

अमेरिकेत हाच संघर्ष राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये मेरिलँडच्या किनाऱ्यावर आदेश काढून स्ट्राइप्ड बास आणि रेड ड्रम यांना केंद्राच्या ताब्यातील पाण्यात व्यापारी विक्रीपासून संरक्षण देण्याची दिशा ठरवली. दहा वर्षांनी व्यापारमंत्री विल्बर रॉस यांनी मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपरचा हौशी हंगाम तीन दिवसांवरून ४२ दिवसांवर नेला. त्यावर संवर्धन संस्था न्यायालयात गेल्या. राजकारणी गरवणाऱ्यांच्या बाजूने झुकले की मासा आपोआप वाचतो, हा समज या दुसऱ्या उदाहरणाने खोटा ठरतो.

महाराष्ट्रात किमान लांबीचा प्रश्न अलीकडे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले, त्यात पापलेट १३५ मिलिमीटर. जाळ्यात आलेले लहान मासे मेलेलेच असतात, हा आक्षेप आपल्या बंदरांवरही तितकाच खरा आहे.

युरोपीय संघ सोडल्यानंतर

२३ नोव्हेंबर २०२० रोजी ब्रिटनच्या मासेमारी कायद्याला राजमान्यता मिळाली. त्यात हौशी मासेमारीच्या विकासासाठी सरकारी अर्थसाहाय्य देता येईल अशी तरतूद आहे. गरवणाऱ्यांना मासेमारी कायद्यात अशी जागा मिळणे ही वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याची कमाई. डिसेंबर २०२३ मध्ये बासचा व्यवस्थापन आराखडा प्रसिद्ध झाला. तो तयार होताना व्यापारी आणि हौशी दोघांचेही म्हणणे घेतले गेले. बासच्या मर्यादा मात्र अजूनही युरोपीय संघाशी दरवर्षी बोलून ठरतात, कारण मासा इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांचा आहे.

दरम्यान निळा ट्यूना ब्रिटिश पाण्यात परतला. १९३० च्या दशकात यॉर्कशायरच्या स्कारबरोला श्रीमंत हौशी लोक त्याच्या मागे जात. १९३३ साली तिथे ८५१ पौंड वजनाचा मासा गळाला लागला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब स्थापन झाला. पुढे मासा दिसेनासा झाला. आता नैऋत्य किनाऱ्यावर तो पुन्हा मोठ्या संख्येने येतो. २०२१ पासून निवडक बोटींवर मासा धरून, खूण लावून सोडण्याचा शास्त्रीय कार्यक्रम चालला आणि २०२४ मध्ये इंग्लंडने हौसेने ट्यूना धरून सोडण्यासाठी परवाने सुरू केले. सोडताना मरणारे थोडे मासे देशाच्या कोट्यातून वजा धरले जातात.