अटारीचे १२८ बाइट

२०१४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावचा कचराडेपो उकरला आणि १९८३ साली पुरलेल्या, अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या कॅसेटी खरोखरच निघाल्या. तेव्हापासून ‘ई.टी.’ नावाच्या शापित गेमनं अटारी बुडवली, ही कथा नव्या जोमानं फिरते आहे. जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतलेला गेम फसला, यात शाप कसला? शिवाय त्या खड्ड्यात इतर गेमही होते.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२मध्ये कॅलिफोर्नियात अटारी काढली. १९७६मध्ये ती वॉर्नर या करमणूक कंपनीनं विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘२६००’ हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं घरगुती यंत्र आलं. खरी गंमत त्याच्या पोटात आहे.

त्यात स्मृती होती १२८ बाइट, म्हणजे १०२४ बिट. पडद्यावर आडवे १६० आणि उभे सुमारे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एकच बिट दिला तरी ३०,७२० बिट लागतात. मग चित्र साठवायचं कुठं? कुठंच नाही! जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढत खाली यायचा. जे मायनर आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘टीआयए’ चिपला फक्त चालू रेघेपुरतं कळायचं: दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची भिंत. रेघ संपायच्या आत पुढच्या रेघेचा मजकूर प्रोग्रामनं पुरवायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढच्या पानाकडे पोचेपर्यंत भात शिजवून हातात द्यायचा, तसं.

प्रोसेसरचं काम घड्याळासारखं ठोक्याठोक्यानं चालतं. एका रेघेला असे ७६ ठोके मिळत आणि एका ठोक्यात झोत ३ ठिपके पुढे सरके. एक आकडा उचलून टीआयएत ठेवायला किमान ५ ठोके, म्हणजे तेवढ्यात १५ ठिपके निसटले. ठोका चुकला की चित्र फाटलं. उडी, टक्कर, गुण यांचा बहुतेक हिशेब झोत तळाशी पोचून पुन्हा वर जाईपर्यंतच्या उसंतीत उरकायचा, सेकंदाला ६० वेळा. ‘पॅक-मॅन’ या गेममधली भुतं लुकलुकायची तीही यामुळेच. दोनपैकी एक ‘खेळाडू’ पॅक-मॅनसाठी गेला, चार भुतांना मिळून एकच शिल्लक, म्हणून दर फ्रेमला पाळीपाळीनं एकेक भूत काढलं जाई. (इतकंच काय ते भुतांचं रहस्य.)

यंत्र स्वस्त पडलं ते या काटकसरीमुळे. पण मग गेमची सगळी किंमत ठोके मोजणाऱ्या मोजक्या डोक्यांत होती आणि ती डोकी कंपनीनं जपली नाहीत. कॅसेटवर त्यांचं नाव नाही, विक्रीत वाटा नाही. १९७९मध्ये डेव्हिड क्रेन आणि आणखी काही प्रोग्रामर बाहेर पडले, ‘ॲक्टिव्हिजन’ निघाली आणि २६००साठीच सरस गेम विकू लागली. अटारी कोर्टात गेली. १९८२मध्ये रॉयल्टीवर तडजोड झाली. वाट मोकळी झाल्यावर हौशे-नवशे-गवशे सगळेच घुसले. दुकानं सुमार कॅसेटींनी तुंबली, भाव कोसळले. १९८३मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. १९८४मध्ये वॉर्नरनं घरगुती यंत्रांचा धंदा कमोडोर या संगणक कंपनीच्या संस्थापकाला, जॅक ट्रॅमिएलला विकला.

२६००मध्ये दुसऱ्या कंपनीची कॅसेट ओळखायची सोयच नव्हती. १९८५मध्ये निन्टेंडो ही जपानी कंपनी आपलं गेमचं यंत्र घेऊन अमेरिकेत उतरली, तेव्हा त्यात एक जादा चिप होती. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं जुळलं नाही, तर यंत्र गेम चालूच देत नसे.