वात आणि वार

मेडिकलवाल्याने खाकी पाकिटावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: ०-०-१. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. मुंबईतल्या कुठल्याही घरातला औषधांचा डबा उपडा करून बघा, ही खूण सापडतेच. डॉक्टरांचं अक्षर ज्यांना लागत नाही त्यांनाही ती वाचता येते. माझ्या मावशीनेही ती बरोबर वाचली. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, न चुकता. आठव्या दिवशी तिचं तोंड आलं, इतकं की पेजेचा घोटही गिळवेना. दहाव्या दिवशी ताप भरला आणि तिला अ‍ॅडमिट करावं लागलं.

गोळी मेथोट्रेक्सेटची होती. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घेतात. डॉक्टरांच्या कागदावर ०-०-१ च्या पुढे इंग्रजीत ‘वीकली’ लिहिलेलं होतं. पाकिटावर उतरवताना नेमका तेवढाच शब्द गळला. डॉक्टरांनी तोंडीही सांगितलं असणार. पण आपल्याला काय झालंय हे मावशीला त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं होतं, आणि असं काही कानावर पडल्यावर पुढचं ऐकू येतंच असं नाही. रॉय केसेल्स या डच मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००३ साली लिहिलं होतं की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण तिथल्या तिथे विसरतात. जे आठवतं, त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं आठवतं.

या गोळीचं घराणं कॅन्सरच्या औषधांचं. पेशींना दुभंगून वाढायला फोलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं. मेथोट्रेक्सेटची ठेवण फोलेटसारखीच असल्यामुळे ते त्याची जागा अडवतं आणि पेशीचं काम खोळंबतं. त्याच्या थोरल्या भावंडाचं नाव अमिनोप्टेरिन. १९४७-४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिलं. ते त्यांना पुरवलं होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे, अमेरिकेत औषधं शोधत आयुष्य घालवलेले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव का नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कॅन्सरसाठीचे डोस प्रचंड मोठे असतात. संधिवातात आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम, एवढ्यावर काम भागतं. इतक्या कमी मात्रेत हे औषध मुख्यतः बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करतं. शिवाय एकदा पेशीत शिरलं की ते तिथेच रेंगाळतं, म्हणून रोज द्यायची गरज पडत नाही. रोज घेतलं तर साठत जातं, आणि जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात तिथे पहिला फटका बसतो: तोंडाच्या आतलं अस्तर, आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज. मावशीचं तोंड आलं ते यामुळे, आणि पांढऱ्या पेशी घसरल्या त्याही यामुळेच. फोलेटची कसर भरून काढणाऱ्या फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं दिल्यावर ती सावरली. अशा चुकीने जगभरात माणसं दगावलेली आहेत.

मावशीला झालाय तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. सुरुवात गणपतीत झाली. उकडीच्या मोदकांच्या कळ्या पाडताना बोटं ऐकेनात. मग सकाळी उठल्यावर मूठ वळेना, गॅसचं बटण फिरेना, तासा-दीड तासाने हात थोडे मोकळे व्हायचे. ती म्हणाली, “वात आहे, वय झालं.” शेजारणीने दही आणि वांगं बंद करायला सांगितलं. कुणीतरी तेल आणून दिलं. सात महिने असे गेले.

आणि इथे मला आपल्या भाषेशी थोडं भांडावंसं वाटतं. गुडघ्याची कूर्चा झिजली तरी आपण संधिवात म्हणतो, प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यावर हल्ला केला तरी संधिवातच. आयुर्वेदात आमवात, वातरक्त असे वेगळे शब्द आहेत, पण घरात आणि चाळीच्या गॅलरीत उरतो तो एकच, ‘वात’. एकदा हा शब्द उच्चारला की पुढचं वाक्य ठरलेलं: वाताला औषध नाही, सहन करायचं.

दोन्हींत फरक आहे, आणि तो बराचसा घरच्या घरी ओळखू येतो. झिजेचा सांधा सकाळी थोडा वेळ आखडतो, सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दिवसभर वापरला की संध्याकाळी ठणकतो. ऱ्हुमॅटॉइड उलटा: सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त, आणि हालचाल केली की हळूहळू मोकळं वाटतं. झीज बोटांच्या टोकाच्या पेरांत दिसते. हा आजार शक्यतो बोटांची मुळं, मधली पेरं आणि मनगटं धरतो, तेही दोन्ही हातांची. कुणी हात हातात घेऊन प्रेमाने दाबला आणि कळ गेली, तर डॉक्टर गाठायला हवेत. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडू लागतं. पहिल्या काही महिन्यांत नीट उपचार मिळाले तर हे कुरतडणं बरंच रोखता येतं. मावशीचे सात महिने त्यात गेले, याची चुटपुट मला अजून आहे.

हा आजार दुर्मीळ म्हणावा असाही नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथे साधारण दर २०० प्रौढांमागे एकाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आढळला. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतो.

पेनकिलर आणि मेथोट्रेक्सेट यांतला भेद मावशीला डिस्चार्जच्या वेळी एका सिस्टरने सांगितला, तो असा: “मावशी, पेनकिलर म्हणजे एक्झॉस्ट फॅन. धूर बाहेर जातो, पण खाली भाजी करपतेच आहे. ही आठवड्याची गोळी गॅस बारीक करते. पण तिला वेळ लागतो, दीड-दोन महिने तरी. तोवर फरक नाही म्हणून सोडू नका.” मग तिने जे केलं ते मी पहिल्यांदाच पाहत होते. “आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार?” मावशी अडखळली. सिस्टरने न रागावता पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं. “कळलं ना?” या प्रश्नाला ओपीडीत नेहमी “हो” हेच उत्तर मिळतं, मागे रांग उभी असते, आणि डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? “सांगून दाखवा” म्हटल्यावर मात्र काय कळलं नाही ते उघडं पडतं. एकूण चार मिनिटं लागली.

वार कुठला, यावर दोघींची चर्चा झाली. मावशीच्या घरात आठवड्याचं पंचांग आधीच तयार होतं: मंगळवारी सिद्धिविनायक, गुरुवारी उपास, बुधवार-शुक्रवार-रविवार मासे. गोळी रविवारी ठरली. दुपारी बांगड्याचं तिखलं, रात्री जेवणानंतर गोळी. सिस्टरने पाकिटावर ०-०-१ खोडून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त रविवारी’. फोलेटची तूट भरून काढायला दिलेल्या फोलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर ‘बुधवारी’. त्याखाली आणखी तीन गोष्टी: तोंड आलं, ताप आला किंवा कोरडा खोकला आणि धाप लागू लागली तर पुढची गोळी न घेता फोन करायचा, रक्त तपासायच्या तारखा चुकवायच्या नाहीत, दारू नको. तिसरीवर मावशी हसली. काका नाही हसले. (तरुण बायकांच्या यादीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते: या औषधावर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.)

रुग्णाला शिकवून खरंच फरक पडतो का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. सहा आठवडे, आठवड्याला साधारण दोन तास. शिकवणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती, त्यातल्या अनेकांना स्वतःला हाच त्रास. वर्गाला आलेल्यांचं ज्ञान वाढलं, व्यायाम वाढला, दुखणंही कमी झालं. गंमत पुढे आहे. ज्यांनी जास्त व्यायाम केला त्यांचंच दुखणं जास्त कमी झालं असेल, अशी अपेक्षा होती. आकडे तसं म्हणेनात. मग लोरिग यांनी रुग्णांशी बोलून पाहिलं, तेव्हा ज्यांना ‘या दुखण्याचं मी काहीतरी करू शकते’ असं वाटू लागलं होतं ते सुधारलेले निघाले. याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा त्या काळात नेमक्या या भावनेवर सिद्धांत मांडत होते. १९९३ साली लोरिग आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांनंतरचे आकडे छापले: दुखणं सरासरी २० टक्क्यांनी कमी, डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी.

हे वाचून हुरळून जायला नको. त्या वर्गांत झिजेच्या त्रासाचे लोक मोठ्या संख्येने होते. फक्त ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांवरच्या प्रयोगांचा २००३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेतर्फे आढावा घेतला गेला, तेव्हा शिकवण्याचा फायदा छोटा दिसला आणि काळ गेला तसा विरला. मला यात निराशाजनक काही वाटत नाही. मेथोट्रेक्सेट एकदाच देऊन कुणी वर्षभराची अपेक्षा करत नाही, मग बोलणं तरी एकदाच का?

शिकण्याचा ओघ उलट्या दिशेनेही वाहायला हवा. आजार किती आटोक्यात आहे हे मोजायला डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपर, मनगटं, बोटं, गुडघे. पावलं त्यात नाहीत. मावशीची पावलं सकाळी फरशीवर टेकवत नव्हती. तिने सांगितलं नसतं तर मोजमापात ती आलीच नसती. रोजची कामं जमतात का हे विचारणारी एक जगप्रसिद्ध प्रश्नावली आहे, तीही स्टॅनफर्डचीच. तिच्यात दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का, टबमध्ये अंघोळ जमते का, गाडीत चढता-उतरता येतं का, असे प्रश्न आहेत. भारतातल्या डॉक्टरांनी ती आपल्याकडच्या जगण्याप्रमाणे बदलून घेतली, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं वगैरे घातलं. मुंबईसाठी मी आणखी दोन प्रश्न सुचवीन: पिळा घालून कपडा पिळता येतो का, आणि दादरला लोकलच्या दांड्याला धरून चढता येतं का.

थकव्याची गोष्ट तर डॉक्टरांनी रुग्णांकडूनच शिकली. २००२ साली संधिवाताची मोजमापं ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदाच रुग्णांना बोलावलं गेलं. तज्ज्ञांच्या यादीत दुखणं, सूज, हालचाल होती. रुग्ण म्हणाले, आम्हाला सगळ्यात छळतो तो थकवा. पुढे काही वर्षांत तो संशोधनात मोजायच्या गोष्टींमध्ये सामील झाला. मावशी याला “अंगात त्राण नाही” म्हणते. आम्ही घरातले त्याला आळस समजत होतो.

आता तीन महिन्यांनी एकदा आम्ही ओपीडीला जातो. डॉक्टर कागदावरची दहा सेंटिमीटरची रेघ पुढे करतात, एका टोकाला उत्तम, दुसऱ्या टोकाला अगदी वाईट. कसं वाटतंय तिथे खूण करा. पहिल्यांदा मावशी त्या रेघेकडे बघतच राहिली. डॉक्टर तरुण होते पण हुशार. त्यांनी विचारलं, “मावशी, रुपयात किती आणे बरं वाटतंय?”

“दहा आणे,” ती तत्काळ म्हणाली. ते पहिल्या वेळी. आता गेल्या खेपेला तेरा आण्यांवर पोचली होती.

त्याच दिवशी बाकावर शेजारी एक बाई बसली होती, नालासोपाऱ्याहून आलेली, केस पेपर छातीशी धरून. तिच्या हातात तसलंच खाकी पाकीट होतं. मावशीने तिला न विचारताच ते घेतलं, उलटंपालटं केलं, चष्मा वर केला.

“ही आठवड्याचीच ना?” ती म्हणाली. “तुमचा वार कुठला?”