निबंध पाठवल्यावरच चूक का दिसते?

डिसेंबर संपत आला की ठाण्यात, वाशी-खारघरमध्ये बारावीची काही मुलं रात्री जागून परदेशी कॉलेजांचे अर्ज पूर्ण करतात. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’वर मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची. महिनाभर घोटलेला तो निबंध एकदाचा जातो. मग सहज पीडीएफ उघडावी, तर दुसऱ्याच परिच्छेदात ‘द’ (the) हा शब्द लागोपाठ दोनदा. पोटात गोळा येतो. एवढ्या वेळा वाचूनही हे सुटलं कसं?

वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचं, मग इंग्रजीत सरासरी सात-नऊ अक्षरं पुढे. अर्थाचा भार असलेल्या शब्दांवर नजर सुमारे ८५ टक्के वेळा थांबते. ‘ऑफ’, ‘द’ अशा किरकोळ शब्दांवर सुमारे ३५ टक्केच. मधली जागा मेंदू अंदाजाने भरतो. मराठीतही ‘आणि’ची वेलांटी दीर्घ झाली तरी आपण सहज पुढे जातो. त्यात मजकूर स्वतःचा असेल तर अंदाज फारच पक्का असतो, कारण पुढचं वाक्य आधीच पाठ झालेलं असतं. तेव्हा ही चूक आळसाची नाही. सराईत वाचनाचीच ती दुसरी बाजू आहे.

पाठवल्यावर तीच चूक दिसते, कारण पान बदललेलं असतं. पीडीएफमध्ये टाइप वेगळा, ओळी वेगळ्या जागी तुटलेल्या. शिवाय आता आपण अर्थ जुळतोय का हे पाहत नसतो, चूक शोधत असतो.

आणि एकदा दिसली की ती फुगते. मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचा चेहरा छापलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. ‘निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असेल,’ असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम एक चतुर्थांश लोकांच्या ते लक्षात आलं होतं. स्वतःवरचा प्रकाशझोत आपल्याला नेहमी जास्त प्रखर वाटतो.

म्हणून चुका कुणाला दिसतच नाहीत, असं मात्र नाही. भाषेच्या अभ्यासक जुली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांच्या २०१६च्या अभ्यासात टायपिंगच्या चुका असलेल्या छोट्या ईमेलच्या लेखकांना वाचकांनी कमी पसंती दिली. पण तिथे वाचकाच्या हातात तेवढाच परिच्छेद होता. तुमच्या अर्जात गुणपत्रिका, शिफारसपत्रं, उपक्रमांची यादी आणि ६५० शब्दांचा अख्खा माणूस असतो. शुद्धलेखनाला अर्धा-अर्धा गुण कापणारी लाल शाई आपल्या मनात शाळेपासून मुरलेली आहे. प्रवेशाचा निबंध त्या हिशोबाने तपासत नाहीत.

खरा प्रश्न कोणती चूक कळवायची, हा आहे. सुटलेला स्वल्पविराम, दोनदा आलेला शब्द, एखादं स्पेलिंग: सोडून द्या. जन्मतारीख, गुण, विषय, परीक्षेचं वर्ष चुकलं असेल किंवा भलतीच फाइल जोडली गेली असेल, तर नक्की कळवा. गुणांच्या बाबतीत शाळेलाही सांगा, कारण तिथून जाणारी गुणपत्रिका जुळली पाहिजे. एका कॉलेजच्या निबंधात दुसऱ्याचं नाव राहिलं असेल तर चूक मोठी आहे. एकदाच, थोडक्यात कळवावं. आधी कॉलेजच्या पोर्टलवर दुरुस्तीची सोय आहे का पाहा. नसेल तर ईमेल: विषयात नाव आणि अर्ज क्रमांक, खाली काय चुकलं, बरोबर काय, आणि आभार. चार ओळी पुरतात. माफीचा परिच्छेद लिहू नका.

हा ईमेल रात्री पाठवू नका. हिवाळ्यात बोस्टनचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. ठाण्यात रात्रीचा एक म्हणजे तिथे दुपारचे अडीच. घाबरून लिहिलेलं पत्र लगेच कुणीतरी उघडेल. मसुदा ठेवा, सकाळी वाचून पाठवा.

तरी मन पुन्हा पुन्हा तिकडे जात असेल, तर मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ साली अभ्यासलेला उपाय करून पाहा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजीसाठी. एरवी विचार आला की ‘संध्याकाळी सहाला’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. वेळ झोपेच्या जवळची नको.

आणि बाकीचे अर्ज? कॉमन ॲपवर पाठवलेली प्रत बदलत नाही, पण पुढच्या कॉलेजांसाठी तोच निबंध दुरुस्त करता येतो. एक दिवस त्याला हात लावू नका. मग मोठ्या, वेगळ्या टाइपात प्रिंट काढा. नौपाड्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दोन मिनिटांचं काम. शेवटच्या वाक्यापासून उलट वर वाचत या, म्हणजे पुढचं वाक्य मेंदूला आधीच सुचणार नाही. नंतर फोनला मोठ्याने वाचायला लावा. तो दुसरा ‘द’ गाळत नाही. कॉलेजचं नाव मात्र स्वतः, बोट ठेवून तपासा.