व्यभिचारिणीची कथा (योहान ७:५३–८:११)

योहानकृत शुभवर्तमानातील बारा वचनांचा एक प्रसंग. पाप्यावर प्रेम करावे, पण पापाला मुभा देऊ नये, या ख्रिस्ती शिकवणीचा आधार म्हणून तो सर्वाधिक उद्धृत होतो. तथापि मूळ शुभवर्तमानातील त्याचे स्थान वादग्रस्त आहे. मंदिरात शिकवत असलेल्या येशूपुढे शास्त्री व परूशी (यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार व कर्मठ पंथाचे लोक) व्यभिचार करताना धरलेल्या एका स्त्रीला उभी करतात आणि अशा स्त्रियांना धोंडमार करावी या मोशेच्या आज्ञेविषयी त्याचे मत विचारतात. तो ओणवा होऊन बोटाने जमिनीवर लिहितो. पुन्हा विचारल्यावर ‘तुमच्यामध्ये जो निष्पाप असेल त्याने प्रथम तिच्यावर दगड टाकावा’ असे सांगतो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन सारे एकेक करून निघून जातात. शेवटी तो तिला म्हणतो, ‘मीही तुला दंड ठरवत नाही, जा, ह्यापुढे पाप करू नकोस.’

प्रश्न टाकण्यामागील डाव कथेतच सांगितलेला आहे. धोंडमार करा म्हणावे, तर देहदंडाचा अधिकार रोमी सत्तेकडे होता (योहान १८:३१); करू नका म्हणावे, तर मोशेचे नियमशास्त्र मोडल्याचा आरोप. मोशेच्या नियमशास्त्रातील लेवीय या ग्रंथानुसार (२०:१०) शिक्षा पुरुष व स्त्री दोघांनाही आहे. येथे मात्र पुरुषाला कोणी आणलेलेच नाही, आणि फिर्यादींच्या न्यायबुद्धीविषयी यातून पुरेसे समजते. पहिला दगड साक्षीदारांनी टाकावा, हा त्याच नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील (१७:७) नियम येशूच्या उत्तरामागे असावा. जमिनीवर काय लिहिले ते संहिता सांगत नाही. ‘त्या प्रत्येकाची पापे’ हे शब्द काही मध्ययुगीन हस्तलिखितांत आठव्या वचनाला जोडलेले आढळतात, पण ते उघडच नकलनविसांनी घातलेले स्पष्टीकरण आहे.

संहितेचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. सुमारे इ. स. २०० च्या आसपासचे मानले जाणारे पपायरस ६६ हे हस्तलिखित, तिसऱ्या शतकातील समजला जाणारा पपायरस ७५ (याचा काळ अलीकडे काही अभ्यासक पुढे नेतात), आणि चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन संहिता (बायबलची ग्रीक हस्तलिखिते) यांपैकी कशातही हा प्रसंग नाही. ७:५२ नंतर लगेच ८:१२ येते. ओरिजेन व ख्रिसोस्तोम या प्राचीन ग्रीक भाष्यकारांनी योहानाच्या शुभवर्तमानावर केलेल्या विवेचनांत तो नाही, पेशित्ता या बायबलच्या सिरियाक भाषांतराच्या मूळ रूपातही नाही. ग्रीक हस्तलिखितांपैकी सुमारे पाचव्या शतकातील बेझा संहितेत तो प्रथम दिसतो. पुढील काळातही त्याची जागा स्थिर नव्हती: एका हस्तलिखितसमूहात तो योहानाच्या शेवटी, तर दुसऱ्यात लूककृत शुभवर्तमानात २१:३८ नंतर येतो, अन्यत्र समासात शंकादर्शक खुणा केलेल्या आहेत. आठव्या शतकातील रेगियस नावाच्या आणि नवव्या शतकातील सेंट गॅलन येथील हस्तलिखितात ७:५२ नंतर कोरी जागा सोडलेली आहे. समोरच्या प्रतीत नसलेला हा मजकूर त्या लेखनिकांना माहीत होता, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

हा भाग योहानाच्या लेखणीतील नाही, यावर आज बहुसंख्य अभ्यासकांचे एकमत आहे. शब्दसंपदा व शैलीही लूकला अधिक जवळची आहे. तेवढ्यावरून कथा उत्तरकालीन रचना ठरत नाही. अनेक पापांचा आरोप असलेल्या एका स्त्रीची गोष्ट पापियास या ख्रिस्ती लेखकाने (दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) सांगितली होती, असे मंडळीचा इतिहासकार युसेबियस नोंदवतो. ती हीच कथा असे मात्र निश्चित म्हणता येत नाही. तिसऱ्या शतकातील सिरियात रचल्या गेलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात, पश्चात्ताप झालेल्यांना परत घेण्यास कचरणाऱ्या बिशपांना याच प्रसंगाचा दाखला दिला आहे. चौथ्या शतकातील भाष्यकार आंधळा दिदिमस ‘काही शुभवर्तमानांत’ ती असल्याचे सांगतो. त्याचे हे भाष्य १९४१ मध्ये इजिप्तमधील तुरा येथे सापडलेल्या पपायरसांमुळे उपलब्ध झाले. कथा प्राचीन परंपरेतील असून शुभवर्तमानात मागाहून आली, हे मत सर्वाधिक ग्राह्य वाटते.

याउलट धर्मशास्त्रज्ञ बिशप ऑगस्टीनने (सु. ४२०) असा तर्क मांडला की, आपल्या बायकांना पाप करण्याची मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनी हा भाग आपल्या प्रतींतून काढून टाकला. हस्तलिखितांचा पुरावा याला पाठबळ देत नाही, परंतु भीती खरी होती. व्यभिचाराची क्षमा देण्याचा अधिकार मंडळीला (चर्चला) नाही, असे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याने तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी हिरिरीने मांडले. अशी क्षमा जाहीर करणाऱ्या ज्या बिशपावर तो तुटून पडतो, तो रोमचा कालिस्तुस की कार्थेजचा कोणी, याविषयी मतभेद आहेत; दुसरा पक्ष अधिक संभाव्य दिसतो. या वादात ही कथा कोठेच येत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील धर्मसभेने तर प्रायश्चित्तानंतर पुन्हा तेच पाप करणाऱ्याला मरतेवेळीही प्रभुभोजन नाकारले. येशूची क्षमा अशा काळात अवघड वाटली असल्यास नवल नाही.

अर्थनिर्णयात ऑगस्टीनचेच विवेचन निर्णायक ठरले. प्रभूनेही दोषी ठरवले, पण पापाला, माणसाला नव्हे, असे तो म्हणतो. येशू पापाचा कैवारी असता तर ‘जा, हवी तशी राहा’ असे म्हणाला असता, हा त्याचा युक्तिवाद. म्हणून ज्यांना प्रभूची सौम्यता आवडते त्यांनी त्याच्या सत्याचे भयही बाळगावे, असे तो बजावतो. कथेचा एक अर्धा भाग उचलून नुसती क्षमा किंवा नुसता दंड सिद्ध करणाऱ्या सर्वांना हे उत्तर आजही पुरेसे आहे. वाक्यांचा क्रमही दुर्लक्षिण्याजोगा नाही: ‘दंड ठरवत नाही’ हे आधी येते आणि पाप न करण्याची आज्ञा नंतर, सुधारणा ही क्षमेची अट म्हणून घातलेली नाही. दंड आणि क्षमा ही दोन्ही पौलाच्या पत्रांतही दिसतात: त्याने करिंथ येथील एका उघड पाप करणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्यास सांगितले (१ करिंथ ५) आणि दुसऱ्या पत्रात दंड भोगलेल्या एकाला प्रेमाची खात्री पटवण्याची विनंती केली (२ करिंथ २). ही एकच व्यक्ती की दोन, हे अनिश्चित आहे. धर्मसुधारक कॅल्व्हिनने प्राचीन ग्रीक मंडळ्यांना हा भाग अज्ञात असल्याचे मान्य करूनही तो स्वीकारला, पण त्यावरून राज्यसत्तेने द्यायची शिक्षा रद्द होत नाही असे आग्रहाने सांगितले.

रोमन कॅथलिक पंथाच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमातील तिसऱ्या वर्षी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील पाचव्या रविवारी हा भाग वाचला जातो. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन चालवले. त्या कार्याचा संबंध कधी कधी या कथेशी जोडला जातो. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनींचे (ख्रिस्ती संन्यासिनींचे) उद्धारकार्य पाहिल्यावर आपल्याला ख्रिस्ताची ओळख पटली, असे रमाबाईंनी लिहिले आहे. परंतु तेथे त्यांनी ऐकलेला अध्याय योहानाचा चौथा, म्हणजे येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा होता.