मिठाला जागलेले जीव

दृष्ट काढून झाली की मीठ-मोहऱ्या विस्तवावर टाकतात. जास्त तडतडलं की आजी म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट लागली होती!" मोहरी तडतडते ते ठीक, पण मीठ का तडतडतं? खडेमिठाच्या पोटात समुद्राच्या पाण्याचे बारीक बारीक थेंब अडकलेले असतात. विस्तवावर त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. गेली सत्तर-एक वर्षं शास्त्रज्ञांचा एक वाद चालू आहे, तो या थेंबांत कोंडलेले सूक्ष्मजीव किती वर्षं तगतात यावरून.

थेंब अडकतो कसा, हे पाहायला ठाणेकरांना लांब जायला नको. खाडीकाठच्या मिठागरांनी इथली कितीतरी गावं पोसली. 'आगरी' हे नावही आगरावरूनच आलं असं सांगतात. भरतीचं पाणी बांध घालून वाफ्यात घेतात आणि उन्हावर सोडून देतात. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार. पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. पहिले स्फटिक पाण्यावर तरंगतात, त्यांचा आकार उलट्या, पोकळ पिरॅमिडसारखा. जड झाले की ते बुडतात आणि तळाशी वाढत राहतात. वाढ जितकी घाईची, तितके पाण्याचे थेंब जास्त कोंडले जातात.

याच सुमारास वाफ्यातलं पाणी गुलाबी, तांबूस होतं. हायवेवरून जाताना असा वाफा दिसला की गाडीत कुणीतरी "केमिकल सोडलंय" म्हणतंच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयुष्य काढलेल्यांना त्याबद्दल दोष कसा द्यायचा? पण हा रंग बहुधा जिवंत असतो. तो मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा आणि ड्युनालिएला नावाच्या एकपेशीय शैवालाचा. (शेंदेलोणाचा गुलाबी रंग मात्र लोहाचा. त्याचा या जीवांशी संबंध नाही.)

लाल पाण्याकडे लक्ष जुन्या लोकांचंही गेलं होतं. १८३३ मध्ये चार्ल्स डार्विन पॅटागोनियातल्या रिओ नेग्रोजवळच्या मिठाच्या तळ्यांवर गेला, तेव्हा त्याला काठाचा तांबूस फेस दिसला, खारट चिखलातले किडे दिसले आणि त्यांच्यावर जगणारे फ्लेमिंगोही. ऐरोलीच्या काठावर उभं राहून हे वाचलं तर ओळखीचं वाटेल. पुढे हाच लाल रंग व्यापाऱ्यांच्या डोक्याला ताप झाला. खारवलेल्या कॉड माशावर आणि कातड्यांवर लाल डाग पडून माल बाद व्हायचा. १९२२ मध्ये कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी त्यामागचा जिवाणू वेगळा केला. मासळी टिकावी म्हणून घातलेल्या मिठातूनच तो येत होता. १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी 'आर्किया' हा जिवाणूंहून वेगळाच गट असल्याचं दाखवून दिलं आणि लवकरच हे लाल जीव त्यात जाऊन बसले. बाहेरच्या मिठाने पेशीतलं पाणी खेचून घेऊ नये म्हणून ते पोटात पोटॅशियमचा क्षार भरून घेतात. गोड्या पाण्यात टाकले तर फुटून मरतात.

मग पुढचा प्रश्न आलाच. स्फटिकात कोंडलेला जीव तग किती दिवस धरतो? १९८८ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात नॉर्टन आणि ग्रँट यांनी प्रयोगशाळेत मीठ पिकवून पाहिलं. खड्यातल्या थेंबात हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना दिसले आणि सहा महिन्यांनंतरही जिवंत निघाले. ठीक. पण सहा महिने कुठे आणि कोट्यवधी वर्षं कुठे?

कोट्यवधी वर्षांचा दावा त्याआधीच झाला होता. हाइन्झ डोम्ब्रोव्स्की या जर्मन संशोधकाने १९६० च्या सुमारास पर्मियन काळातल्या, म्हणजे २५ कोटी वर्षांच्या आसपासच्या मिठातून जिवाणू वाढवल्याचं सांगितलं. आजचेच जिवाणू शिरले असणार, म्हणून बहुतेकांनी ते उडवून लावलं. १९९३ मध्ये ब्रिटनच्या विन्सफर्ड आणि बोल्बी या खाणींतून मीठप्रिय आर्किया मिळाले आणि पाठोपाठ ऑस्ट्रियाच्या खाणीतूनही. आता 'आहेत की नाहीत' हा वाद संपला. 'कधीपासून आहेत' हा उरला. खाणीत माणसं वावरतात, यंत्रं फिरतात, पाणी झिरपतं.

खरी ठिणगी ऑक्टोबर २००० मध्ये पडली. रसेल व्रीलँड, विल्यम रोझेन्झ्वाइग आणि भूशास्त्रज्ञ डेनिस पॉवर्स यांनी 'नेचर'मध्ये एक शोध जाहीर केला. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ, अणुकचरा पुरण्यासाठी मिठात खोदलेल्या तळघरातून, ५६९ मीटर खोलीवरून त्यांनी स्फटिक आणले होते. बाहेरचं काही शिरू नये म्हणून खडे तीव्र आम्ल आणि अल्कलीत धुतले, मग निर्जंतुक सुईने थेंब काढला. त्यातून एक जिवाणू वाढला, त्यांच्या मते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. तो बीजाणू करणाऱ्यांपैकी, म्हणजे वाईट काळात कवचात झोपून राहणाऱ्यांपैकी होता, लाल आर्कियांपैकी नव्हे.

वर्षभरातच ग्राउर आणि पुप्को यांनी त्याची जनुकं तपासली. मृत समुद्रातल्या आजच्या एका जिवाणूशी तो जवळजवळ तंतोतंत जुळत होता. एवढ्या काळात बाहेरच्या भाऊबंदांत काहीच बदल होऊ नये? शिवाय डीएनए आपोआप तुटत असतो, आणि झोपलेला जीव तो दुरुस्त करणार कसा? हेझन आणि रोएडर यांनी दुसऱ्या बाजूने धरलं: थर जुना असेल, पण त्यातला हा खडा नंतर पाणी झिरपून पुन्हा तयार झाला नसेल कशावरून? त्यावर २००५ मध्ये उत्तर आलं की थेंबातल्या पाण्याची रासायनिक घडण पर्मियन समुद्राशी जुळते.

मला वाटतं, यातून पाण्याचं वय ठरलं, पाहुण्याचं नाही. वाडा पेशवाईतला म्हणून भाडेकरू पेशवाईतला होत नाही.

त्यापेक्षा कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतलं काम मला जास्त पटतं, कारण दावा लहान आहे. तिथल्या आटलेल्या तळ्यात भोक पाडून मिठाचा उभा गाभा काढला, त्यामुळे कोणता थर कधीचा ते मोजता आलं. ब्रायन शुबर्ट, टिम लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास त्यातले २२ ते ३४ हजार वर्षांपूर्वीचे आर्किया वाढवले. तेही मोजक्याच खड्यांतून. थेंबात त्या पेशी आक्रसून गोल झालेल्या दिसल्या, आणि शेजारी ड्युनालिएलाच्या पेशी. हे शैवाल मिठाशी झुंजायला ग्लिसरॉल साठवतं. कोठडीतल्या कैद्यांची शिदोरी तीच असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ८३ कोटी वर्षं जुन्या मिठाच्या थेंबांतही शैवाल आणि सूक्ष्मजीवांसारखे आकार दिसले. ते खडा न फोडता, प्रकाशाखाली पाहून. जिवंत आहेत असं त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्या मिठागरात थेंब दर उन्हाळ्यात कोंडला जातो, पण त्यावर गाळ बसून तो पुरला जायला उसंतच मिळत नाही. पिकलेलं मीठ ओढून राशी लागतात, त्यांची पोती भरतात, आणि वाफ्यात राहिलेलं जूनच्या पहिल्या सरींत विरघळून पुन्हा खाडीला मिळतं.